अकरावी सही

सुभेदार वाचताना ओळीखाली स्टीलची फूटपट्टी धरायचे. एक ओळ झाली की पट्टी खाली सरकायची, आणि तोवर समोरच्या माणसाने, म्हणजे मी, गप्प बसायचं. साठ पानांची फाईल असली तर साठ पानं. मध्येच एखादा ट्रकवाला आला तर पट्टी त्या ओळीवर तशीच ठेवून ते उठायचे आणि परत येऊन तिथूनच पुढे वाचायचे. "ताई, घाई असंल तर ठिवून जावा, उद्या न्या," असं दर वेळी म्हणायचे. मला घाई असायची, पण मी एकदाही फाईल ठेवून गेले नाही.

फौजेत सुभेदार होते, म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. गाव सातारा जिल्ह्यातलं, शेवटची पोस्टिंग दिल्ली कँटची. मुलाला इथेच नोकरी लागली म्हणून निवृत्तीनंतर इथेच राहिले आणि आमच्या कंपनीच्या मानेसरच्या गोदामात डिस्पॅचचे इन्चार्ज झाले. कंपनी पाण्याचे पंप बनवते. मी तिच्या गुरुग्रामच्या ऑफिसात, आयटी विभागात. माझं काम असं, की नवा प्रोग्रॅम करायचा ठरला की ज्या ज्या खात्याला तो वापरायचाय त्यांच्याकडे जाऊन विचारायचं, तुम्हाला नक्की काय हवंय, आणि ते इतकं स्वच्छ लिहून काढायचं की बनवणाऱ्याला शंका राहू नये.

तेव्हाची पद्धत सरळ होती. आधी सगळं लिहायचं, मग ते सगळ्यांनी मान्य करायचं, मग आराखडा, मग प्रोग्रॅम, मग चाचणी. एक पायरी पुरी झाल्याशिवाय दुसरी नाही. ह्या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात, कारण पाणी एकदा खाली आलं की परत वर चढत नाही. पहिल्या पायरीवरची चूक वर्षभराने सगळ्यांच्या डोक्यावर कोसळायची. ती माझी ठरू नये म्हणून फाईलच्या शेवटच्या पानावर अकरा चौकटी असत, अकरा खात्यांच्या अकरा सह्यांसाठी. सुभेदारांची सही अकरावी.

मंजुरी ई-मेलवर कळवली तरी चालायचं. मी चालू दिलं नाही. त्याला कारण होतं. एकदा मी एका फाईलच्या मधल्याच पानावर, व्याजाच्या आणि कराच्या ओळींमध्ये, एक ओळ घुसडून दिली होती: हे वाचणाऱ्याने मला एक समोसा द्यावा. दहा खात्यांनी दोन दिवसांत ई-मेलवर 'अप्रूव्हड' असं कळवून टाकलं. समोसा कोणीच दिला नाही. सुभेदारांनी मात्र फाईल छापून मागवली होती; मी ती परत आणायला गेले तेव्हा त्यांनी लाल पेनाने खोडलेली ती ओळ आणि समासात लिहिलेलं दाखवलं, 'हे इथे नको. समोसा आणला आहे,' आणि टेबलाच्या खणातून पुडी काढली. त्या दिवसापासून मी प्रत्येक फाईल घेऊन प्रत्येकासमोर जाऊन बसू लागले. ऑफिसात मला खडूस म्हणत. म्हणोत बापडे.

सुभेदार काहीतरी खोडल्याशिवाय सही करत नसत. काहीच सापडलं नाही तर स्वल्पविराम खोडायचे. "फौजेत मी भांडारात होतो, ताई. सही म्हंजे काय? सही म्हंजे म्या बघितलं. नुसतं नाव न्हाई." गोदामातून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या मालाच्या चलानवरही त्यांचीच सही लागायची. ड्रायव्हर टेबलापाशी यायचा, सुभेदार चलान वाचायचे आणि मग चष्म्यावरून ड्रायव्हरकडे बघायचे. एकाला त्यांनी माझ्यादेखत विचारलं होतं, "कब से सोया नहीं?" तो हसला. सुभेदार म्हणाले, "उधर खाट है, दो घंटा लेट जा. उठने के बाद साइन करूँगा." तो निमूटपणे जाऊन झोपला. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं.

आता माझं सांगते. मी पुण्याची. दोन वर्षांसाठी म्हणून दिल्लीला आले, त्याला एकोणीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसंही आता संपली. द्वारकेत एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी चुकीची नोटीस टाकली की दुरुस्त करते, त्यामुळे तिथेही फार प्रेम नाही. रविवारी भावाचा फोन येतो, दहा मिनिटं. बाकी आठवडाभर मराठी म्हणजे दूध उतू गेलं की मी जी ओरडते, तेवढीच. बाहेर सगळं हिंदी, ऑफिसात हिंदी-इंग्रजीची भेळ.

म्हणून मानेसरचा दिवस हा माझा दिवस असायचा. फाईल वाचून झाली की डबे उघडायचे. त्यांच्या डब्यात वहिनींनी दिलेली ज्वारीची भाकरी आणि ठेचा, माझ्या डब्यात थालीपीठ. गोदामातली हरियाणवी मंडळी त्याला मल्टीग्रेन रोटी म्हणत आणि अर्धं पळवत. जेवताना सुभेदार घरचं बोलायचे. नातवाला मराठी येत नाही, 'उंबरठा' म्हणजे काय विचारतो, इथे फ्लॅटला उंबरठाच नाही तर दाखवू काय. दर जानेवारीत ते पानिपतला, लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला जायचे, गावाकडची माणसं येतात म्हणून. दर वर्षी मला बोलवायचे आणि मी दर वर्षी पुढच्या वर्षी नक्की म्हणायचे. चौदा वर्षं हे असं चाललं. ह्याला मैत्री म्हणतात हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी त्याला सह्यांची फेरी म्हणायचे.

मग एजाइल आलं. वरून फर्मान निघालं की संपूर्ण आयटी विभाग नव्या पद्धतीने चालेल. बेंगळुरूहून एक शिकवणारा आला, चांगला माणूस होता, उगाच नावं ठेवणार नाही. त्याने भिंतीच्या काचेवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या आणि सांगितलं की वर्षभराची योजना विसरा, दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करा, थोडं बनवा, दाखवा, सुधारा. जाड फाईल नको. सह्या नकोत. रोज सकाळी पावणेदहाला सगळ्या टीमने गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय का काही.

मला वाटलं, झालं, आपलं दुकान बंद. पण मला प्रॉडक्ट ओनर केलं. म्हणजे सगळ्या खात्यांच्या वतीने टीममध्ये एकच माणूस बोलणार, आणि तो माणूस मी. "तुमच्याइतकं ह्या कंपनीला कोण ओळखतं?" असं म्हणून त्या शिकवणाऱ्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी ह्या वयात भराभर चढले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रोज सकाळी बारा माणसं माझ्याकडे तोंड करून उभी असायची. मी सुट्टी घेतली तर काम अडायचं. कोणी वाढदिवसाला केक आणला. मी त्यांच्यासाठी थालीपिठं नेली. आपण एकटे नाही असं वाटण्याची सवय फार लवकर लागते.

मानेसरला जाणं राहिलं. एके दिवशी सुभेदारांचाच फोन आला.

"ताई, बरेच दिवस झाले, फाईल न्हाई आली."

"आता फाईल नसते, सुभेदार. नवी पद्धत आहे."

"मग सही कुठं करायची?"

"सहीपण नसते."

"मग वाचायला काय हाय?"

मी हसले. येते एकदा सवडीने, म्हणाले. काचेच्या पलीकडून टीममधलं कोणीतरी हाताने खुणावत होतं, मी फोन ठेवला.

ह्या पद्धतीत मागणी लिहायची एक ठरलेली रीत आहे. एका चिठ्ठीवर, वापरणाऱ्याच्या तोंडून, दोन ओळींत लिहायचं: अमुक एक म्हणून, मला हे हवं आहे, म्हणजे असं असं होईल. हिशेबनीस म्हणून मला. सेल्समन म्हणून मला. सही करणाऱ्याची गरज नाही, कारण 'मी' असं लिहिलं की तोच बोलतोय असं समजायचं. मी अशा शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या. दिवसभर मी दुसऱ्यांच्या वतीने 'मी' म्हणायचे आणि संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरले की 'मी' म्हणायला समोर कोणीच नसायचं.

ट्रक गेटवर फार वेळ थांबतात अशी वरून तक्रार आली. टीम चिठ्ठी मागत होती. मला एकदम आठवलं, मागच्या वेळी जेवताना सुभेदार मनगट चोळत म्हणाले होते, "सह्या करून करून हात दुखतोय आता, ताई." मी पेन घेतलं आणि लिहिलं: डिस्पॅच इन्चार्ज म्हणून, मला प्रत्येक चलानवर सही करावी लागू नये, म्हणजे माझा त्रास वाचेल आणि ट्रक लवकर सुटतील.

टीममधली चाचणी बघणारी मुलगी म्हणाली, "मॅम, एक बार उनसे पूछ लें?"

"मैं उन्हें चौदह साल से जानती हूँ," मी म्हणाले. तिने वही मिटली. आणि माझ्या धंद्यातला पहिला धडा, जो मी ह्याच पोरांना घसा कोरडा करून शिकवला होता, तो मीच विसरले: माणूस काय बोलला आणि त्याला काय हवंय ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. सुभेदारांनी मागणी केलीच नव्हती. जेवताना माणूस आपल्या माणसाजवळ कुरकुरतो, तसे ते कुरकुरले होते. त्यांनी मला आपलं मानून सांगितलं आणि मी त्याची चिठ्ठी करून काचेवर चिकटवली.

दोन आठवड्यांत काम झालं. ड्रायव्हरने गेटवरच्या यंत्रासमोर चलान धरायचं, सिस्टीमने माल जुळवायचा, दांडा आपोआप वर. एकही चूक निघाली नाही. आम्ही प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या आणि सगळ्यात जास्त माझ्यासाठी पडल्या. मी सुभेदारांना फोन करणार होते, की बघा, तुमचा हात वाचवला. तो फोन राहिला.

प्रत्येक तुकडा संपला की टीम बसून मागे वळून बघते, काय चांगलं झालं, काय नाही. पुढच्या खेपेला त्या बैठकीला मानेसरच्या प्लांटचे प्रमुख पाहुणे म्हणून आले. खुशीत होते. म्हणाले, "आपके इस गेट वाले काम से हमारी एक पोस्ट ही बच गई. सुभेदार साहब का कॉन्ट्रैक्ट इस बार रिन्यू नहीं कर रहे. ज़रूरत ही नहीं रही." मी तेव्हा हातात हिरवी चिठ्ठी धरून उभी होते, 'काय चांगलं झालं' ह्या रकान्यात लावायला. चिठ्ठी कुठे लावली ते आठवत नाही, पण लावली असणार, कारण कोणी काही विचारलं नाही.

मी स्वस्थ बसले नाही हे नोंदवून ठेवते. प्लांट प्रमुखांना गाठलं. सुभेदार थकलेल्या ड्रायव्हरला झोपवतात, यंत्र झोपवणार नाही, असं सांगितलं. "कोई एक्सीडेंट हुआ है क्या?" त्यांनी विचारलं. झाला नव्हता. झाला नव्हता तो सुभेदारांमुळे, हे मी कशावरून सिद्ध करणार? मग माझ्या साहेबांकडे गेले. ते सज्जनपणे म्हणाले, "आप तो प्रॉडक्ट ओनर हैं, कार्ड लिख दीजिए, टीम देख लेगी."

मी चिठ्ठी लिहायला बसले. प्रॉडक्ट ओनर म्हणून, मला डिस्पॅच इन्चार्जची सही परत हवी आहे, म्हणजे. तिथे पेन अडकलं. म्हणजे काय होईल? ट्रक उशिरा सुटतील, हे होईल. ड्रायव्हरांचं कारण प्लांट प्रमुखांनी आधीच उडवून लावलं होतं. जितकी कारणं सुचत होती त्यातलं एकच खरं होतं, आणि ते कंपनीच्या काचेवर लावण्यासारखं नव्हतं. म्हणजे महिन्यातून एकदा मला मराठीत कोणाशी तरी बोलता येईल. म्हणजे माझं लिहिलेलं कोणीतरी ओळ न् ओळ वाचेल. पन्नाशी उलटलेली बाई मी, मीटिंगरूममध्ये दार लावून रडले. मग डोळे पुसून बाहेर आले, सकाळची उभी बैठक होती. अडलंय का काही, असं विचारल्यावर मी नाही म्हणाले.

काचेवरची कामं झाली की चिठ्ठ्या एका खोक्यात टाकतात. त्यातून मी सुभेदारांच्या नावाची ती पिवळी चिठ्ठी शोधून काढली आणि त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मानेसरला गेले. आठ महिन्यांनी.

गेटवर ट्रक थांबलेले नव्हते. सुभेदारांचं टेबल आता आत, भिंतीला लागून होतं आणि त्यावर काही नव्हतं. मला बघून ते उठून उभे राहिले. "या, या, ताई! म्हटलं दिल्लीनं गिळलं का काय तुमाला." चहा मागवला. डबा उघडून भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे ठेवला. गावी जायची तयारी झालीय म्हणाले, सामान पुढे गेलं, मुलगा-सून इथेच राहणार. "औंदा जानेवारीत मी नसणार. तुम्ही मात्र काला अंबला जाऊन या. माणसं आपली असतात तिथं."

मी भाकरी बाजूला सरकवली. मी पर्समधून चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"ही मी तुमच्या नावाने लिहिली होती, सुभेदार. तुम्हाला न विचारता. ह्याच्यामुळे झालं सगळं. वाचा."

त्यांनी खण उघडला. फूटपट्टी अजून होती. दोनच ओळी, त्याही इंग्रजीत, पण त्यांनी पट्टी पहिल्या ओळीखाली धरली आणि ओठ हलवत वाचलं, मग दुसरीखाली धरली. एका पानाला लागायचा तेवढा वेळ त्या दोन ओळींना लागला. मी वाट बघत होते. त्यांनी रागवावं, लाल पेनाने सगळं फराटा मारून खोडावं, समासात लिहावं की हे मी म्हणालो नाही. तेवढ्यासाठीच मी आले होते, आता कळतंय.

"हात दुखतो असं म्हणालो होतो मी," ते म्हणाले.

"ते तुम्ही सहज म्हणाला होतात."

"पर म्हणालो होतो की." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

त्यांनी खिशातलं लाल पेन काढून टोपण उघडलं.

"खोडा," मी म्हणाले. "काहीतरी खोडा ना, सुभेदार."

"काय खोडायचं, ताई? चूक न्हाई ह्यात."

मग त्यांनी चिठ्ठीच्या तळाशी, उरलेल्या एवढ्याशा जागेत, सावकाश पूर्ण सही केली. खाली तारीख घातली, आणि दोन्ही हातांनी चिठ्ठी माझ्याकडे वळवून दिली. चौदा वर्षांत माझ्या कागदावर काहीही न खोडता त्यांनी केलेली ती पहिली सही होती.